खाचेच्या मुळाशी तडा केव्हा पडेल, हे आधी कसे सांगता येईल?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: इन्कोनेल ७१८ या निकेलच्या उष्णतारोधक मिश्रधातूचे खाच पाडलेले नमुने आपण ६५० अंश सेल्सिअसला, भार पुन्हा पुन्हा शून्यापासून कमालपर्यंत देत तपासले आणि गुळगुळीत नमुन्यांच्या प्रतिबल-आयुष्य आलेखात केंद्रीकरण गुणांकाने (खाचेमुळे प्रतिबल, म्हणजे दर क्षेत्रफळावरचे बल, किती पट वाढते त्या आकड्याने) गुणलेले प्रतिबल घालून आयुष्याचे, म्हणजे तुटेपर्यंतच्या चक्रांचे, भाकीत केले. जलद चक्रांत नमुने भाकितापेक्षा बरेच जास्त टिकले. मात्र प्रत्येक चक्रात कमाल भारावर ९० सेकंद थांबल्यावर ते भाकिताच्या कितीतरी आधी तुटले. एकाच पद्धतीने दोन विरुद्ध दिशांना चूक कशी होते, हे आपल्याला समजून घ्यायचे आहे.

आपल्या आकडेमोडीत चूक नाही. चूक आहे ती खाचेच्या मुळाशी असलेल्या एका बिंदूवरचे स्थितिस्थापक (भार काढताच धातू मूळ आकारात येतो असे धरून काढलेले) प्रतिबलच सगळे आयुष्य ठरवते, या गृहीतकात. रुंद पत्र्यातील गोल भोकाच्या कडेला प्रतिबल तिप्पट होते, हे किर्श यांनी १८९८ मध्ये दाखवले; पण तो हिशेब धातू कायमचा वाकत नाही तोवरच लागू पडतो. समजा, आपले नाममात्र (खाचेचा परिणाम न धरलेले) प्रतिबल ५२० मेगापास्कल आणि गुणांक २.५ आहे. गुणाकार १३०० येतो, पण या तापमानाला हा धातू त्याच्या खूप आधी यील्ड होतो, म्हणजे कायमचा वाकू लागतो. न्यूबर यांच्या १९६१ च्या नियमानुसार १३०० च्या वर्गाला यंगच्या गुणांकाने (धातूच्या ताठपणाच्या मापाने), म्हणजे सुमारे १,६५,००० मेगापास्कलने भागले की मुळाशी असलेले प्रतिबल आणि विकृती (लांबीतला सापेक्ष बदल) यांचा गुणाकार १०.२ मिळतो, धातूच्या वक्रावर तो साधारण ९८० मेगापास्कल आणि १.०४ टक्के विकृती येथे जुळतो, असे धरू. भार शून्यावर आणताना मात्र धातू स्थितिस्थापक राहून पूर्ण १३०० मेगापास्कलने उतरतो, म्हणून मुळाशी उणे ३२० मेगापास्कलचे दाबाचे प्रतिबल शिल्लक राहते. आपण सरासरी प्रतिबल ६५० धरलेत. प्रत्यक्षात ते ३३० आहे. जलद चक्रांत नमुने जास्त टिकण्याचे पहिले कारण हेच. म्हणून कमाल प्रतिबल आणि विकृतीचा आयाम या दोन्हींना धरणारा स्मिथ, वॉटसन आणि टॉपर यांचा निकष वापरावा, असे मी सुचवेन.

दुसरे कारण प्रतिबलाच्या उताराचे आहे. टोकदार खाचेत प्रतिबल काही दशांश मिलिमीटरमध्येच झपाट्याने उतरते, आणि तडा रुजायला एक बिंदू पुरत नाही, थोडे अंतर लागते. त्यामुळे शिखरावरचे मूल्य न घेता मुळापासून ठराविक अंतरावरचे (त्याला क्रांतिक अंतर म्हणतात) किंवा त्या अंतरातले सरासरी प्रतिबल घ्यावे. हे अंतर धातूवर आणि तापमानावर अवलंबून असते. खोलीच्या तापमानावरचे अंतर ६५० अंशांना वापरू नये, ही चूक मी अनेक प्रबंधांत पाहिली आहे.

आता कमाल भारावरच्या ९० सेकंदांच्या थांब्याविषयी, कारण खरा धोका तिथेच आहे. कमाल भारावर थांबले की मुळाशी असलेले प्रतिबल शिथिल होते. ९८० चे ८५० झाले, तर पुढचे चक्र उणे ४५० ते ८५० असे चालते आणि सरासरी आणखी खाली येते. नुसत्या यांत्रिकीच्या हिशेबाने आयुष्य वाढायला हवे. ते घटते, कारण हवेतला ऑक्सिजन ताणलेल्या कणसीमांमध्ये (धातूच्या स्फटिककणांमधल्या सांध्यांमध्ये) शिरून त्यांना ठिसूळ करतो. पृष्ठभागावरील नायोबियम कार्बाइडचे कण ऑक्सिडीभवनाने फुगतात आणि बऱ्याचदा पहिला तडा तिथेच पडतो. पुढे तो धातूच्या स्फटिककणांना छेदत न जाता कणसीमांवरून धावतो. निर्वात चाचणीत थांब्याचा हा परिणाम बहुतांशी नाहीसा होतो, यावरून दोष मुख्यतः वातावरणाचा आहे हे कळते. म्हणून तड्याच्या वाढीचा दर चक्रामागे आणि काळामागे असा वेगवेगळा मोजून दोहोंची बेरीज करावी; केवळ चक्रे मोजणारे कोणतेही सूत्र, कितीही सुबक असले, तरी येथे असुरक्षित आहे.

पृष्ठभागाकडेही दुर्लक्ष करू नका. १९९६ मध्ये अमेरिकेत पेन्साकोला येथे उड्डाणासाठी धावणाऱ्या विमानाच्या इंजिनाचा टायटॅनियमचा फॅन हब (पुढच्या पंख्याची पाती धरणारा मधला भाग) फुटून दोन प्रवासी दगावले. त्याचा तडा भोक पाडताना बिघडलेल्या पृष्ठभागापासून सुरू झाला होता. तो भाग थंड बाजूचा होता, पण इंजिनाच्या उष्ण बाजूच्या टर्बाइन डिस्कच्या खाचांनाही हेच लागू पडते. शिवाय शॉट पीनिंगने (पृष्ठभागावर बारीक गोळ्यांचा मारा करून) दिलेले दाबाचे प्रतिबल उष्णतेत हळूहळू विरते, त्यामुळे त्याचा पूर्ण फायदा आयुष्यभर धरता येत नाही.

आपल्याकडे तुटलेले नमुने असतील, तर नवीन प्रतिमान बांधण्याआधी त्यांचे भंगपृष्ठ इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. थांब्याच्या नमुन्यांत तडा आरंभापासूनच कणसीमांवरून गेलेला दिसला, तर उरलेले नमुने आणखी जलद चक्रांवर न घालवता ९० आणि ३०० सेकंदांच्या थांब्यांसाठी राखा, आणि विद्युत विभवांतराच्या पद्धतीने (नमुन्यातून वीज सोडून तड्यामुळे बदलणारे विभवांतर मोजून) तडा सुरू होण्याचे चक्र स्वतंत्रपणे नोंदवा.