साक्यावर मुरलेली वाइन

प्रश्न : ताई, नमस्कार. आमची द्राक्षबाग आहे, बेदाणाही करतो. धाकट्या भावानं नाशिकहून फसफसणाऱ्या वाइनची बाटली आणली होती. लेबलवर ‘१८ महिने लीजवर’ असं लिहिलं होतं. ग्लास नाकाशी नेला तर द्राक्षाचा वास कमी आणि भिजवून ठेवलेल्या कणकेचा जास्त. चुलते म्हणाले, नासली. खरंच नासली होती का? आणि हे लीज म्हणजे काय? – एक बागायतदार, पलूस तालुका

उत्तर : नासली नव्हती, दादा. त्या वासासाठीच ती दीड वर्ष अंधारात आडवी पडून होती.

लीज म्हणजे साका. रस आंबताना यीस्ट साखर खातं, साखर संपली की मरतं आणि तळाशी बसतं. आपल्याकडे साका दिसला की गाळून टाकायची सवय. मी तासगाव भागातली, बागायतदाराच्या घरातली. नाशिक जिल्ह्यात एका वायनरीच्या तळघरात कामाला लागले तेव्हा माझाही हात आधी साका धुवायलाच जायचा. तिथल्या वरिष्ठांनी मला एकाच वाइनचे दोन ग्लास दिले, एक साक्यावरून लवकर काढलेली आणि एक वर्षभर तशीच ठेवलेली. पहिली पाण्यासारखी सरळ घशाखाली गेली. दुसरी जिभेवर थांबली. त्या दिवसापासून साका धुवायची घाई मी सोडली.

तुमच्या बाटलीत काय घडलं ते सांगते. आधी साधी, आंबट, कमी दारूची पांढरी वाइन तयार करतात. ती बाटलीत भरताना लिटरमागे साधारण २४ ग्रॅम साखर आणि थोडं यीस्ट घालून बाटली बंद करतात. आत ती पुन्हा आंबते, पण वायूला बाहेर जायला वाट नसते. दाब ६ वातावरणांपर्यंत चढतो, म्हणजे मोटारीच्या चाकातल्या हवेच्या जवळपास तिप्पट. मग यीस्ट मरतं आणि बाटलीच्या कुशीला साका धरतो. खरं काम इथून पुढे सुरू होतं. मेलेल्या पेशी स्वतःतल्याच पाचक द्रव्यांनी हळूहळू फुटतात. त्यांच्यातली प्रथिनं मोडून अमिनो आम्लं वाइनमध्ये उतरतात, पेशींच्या भिंतींतून मॅनोप्रोटीन नावाची द्रव्यं सुटतात. पाव, कणीक, भाजलेल्या बदामासारखे वास या मुरण्यातून येतात. तोंडात जो सायीसारखा गुळगुळीतपणा लागतो, त्यात मॅनोप्रोटीनचा मोठा वाटा. फेस टिकायलाही त्यांची मदत होते.

याला वेळ लागतो, घाई करून चालत नाही. म्हणून फ्रान्समधल्या शॅम्पेनला नियमच आहे : बाटलीत भरल्यापासून किमान १५ महिने तळघरात, त्यातले १२ साक्यावर, एकाच सालाच्या द्राक्षांची असेल तर ३ वर्षं. स्पेनच्या काव्हाला किमान ९ महिने. शेवटी बाटली थोडी थोडी फिरवत उलटी करतात, साका मानेत उतरतो, मान गोठवतात आणि झाकण काढलं की गोठलेला खडा दाबानं बाहेर उडतो. ग्लासात वाइन स्वच्छ दिसते ती त्यामुळे.

प्रश्न : ही चव ओळखायला घरी कसं शिकावं? आम्ही दोघं बर्फासारखी गार करून पितो. – एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : गारठ्यात वास मरतो. फ्रिजमधून काढून ८ ते १० अंशांपर्यंत येऊ द्या. आपल्या एप्रिलमध्ये त्याला दहा मिनिटंही पुरतात. पसरट ग्लास नको, वर निमुळता होणारा घ्या. उघडताना बूच घट्ट धरून बाटली फिरवा, तोंड कुणाकडेही नको.

एकटी बाटली फारसं शिकवत नाही. शेजारी प्रोसेको, म्हणजे इटलीची फसफसणारी वाइन, ठेवा. तिचं दुसरं आंबवण बहुधा मोठ्या टाकीत होतं, साक्याशी संगत थोडी, म्हणून नाशपाती आणि फुलांचा वास पुढे येतो. आधी ती, मग साक्यावरची. नाकापेक्षा जिभेकडे लक्ष द्या : बुडबुडे टोचतात की फेसासारखे विरतात? घोट गिळल्यावर मनात आकडे मोजा, चव किती वेळ राहते ते कळेल. मग ग्लास अर्धा तास तसाच ठेवा. फेस उतरला की चहात बुडवायच्या बटरचा वास मला सगळ्यात स्पष्ट तेव्हाच येतो.

सोबत खारे शेंगदाणे किंवा फक्त मीठ-हळद लावून तळलेला मासा. सांगलीचं भडंग मला जिवापाड आवडतं, पण बुडबुड्यांनी तिखट अंगावर येतं आणि लसूण बाकी सगळं झाकून टाकतो. ते दुसऱ्या दिवशी खा.

प्रश्न : बुडबुडे नसलेली पांढरी वाइनही साक्यावर ठेवतात का? – एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : हो. फ्रान्समधल्या नांत शहराजवळची मस्कादे ही पांढरी वाइन हिवाळाभर साक्यावर राहते आणि तिथूनच थेट बाटलीत जाते. लेबलवर ‘सूर ली’, म्हणजे ‘साक्यावर’, असं दिसेल. तिचं मेलों द बूर्गोन्य हे द्राक्ष चवीला तसं मवाळ, साका तिला अंग देतो. फ्रान्समधल्याच बर्गंडीत पिंपातला साका काठीनं ढवळतात. साका प्राणवायू शोषून घेतो, म्हणून वाइन ताजीही राहते.

पण साका बारीक हवा. पहिला जाड साका वेळेत काढावा लागतो. एका हंगामात मी एका टाकीकडे दुर्लक्ष केलं. तळाशी जाड थर दबला आणि झाकण उघडलं तर सडक्या अंड्यांचा वास. साक्यावरून काढून, हवा देऊन निम्मीच सावरली. बाकीची गेली, आणि ती चूक माझीच होती.

प्रश्न : आमच्या थॉम्पसन जातीच्या द्राक्षांची अशी वाइन होईल का? – पहिलेच बागायतदार

उत्तर : द्राक्ष मवाळ आहे, ही अडचण नाही, मस्कादेचं आत्ताच सांगितलं. अडचण आंबटपणाची. खायच्या द्राक्षाला आपण जीए (जिबरेलिक आम्ल हे संजीवक) देऊन मणी फुगवतो आणि गोडी भरेपर्यंत घड ठेवतो. तोवर आपल्या उन्हात आंबटपणा कमी होतो. फसफसणाऱ्या वाइनसाठी घड त्याआधीच, आंबट असताना तोडतात. आंबट नसेल तर साक्यावरची वाइन जड आणि बेचव लागते. नाशकात शेनिन ब्लां लावतात, ती तिच्या आंबटपणासाठीही. घरी साध्या बाटलीत प्रयोग मात्र करू नका. ती काच ६ वातावरणांचा दाब सोसत नाही, फुटली तर डोळे जातील.