रस्टमधलं 'बॉरो' : उसनं, उधार की आणखी काही?

प्रश्न थोडक्यात असा आहे की, रस्ट ही प्रोग्रॅमिंग भाषा शिकता शिकता टीममधल्या नव्या मुलांसाठी मराठीत नोट्स काढायच्यात, कंपायलरच्या (कोड तपासून चालण्याजोगा करणारा प्रोग्रॅम) एररमध्ये सारखं बॉरो, मूव्ह, लाइफटाइम येत राहतं, तर बॉरोला 'उसनं घेणं' म्हणायचं की 'उधार घेणं', मूव्हला 'हलवणं' चालेल का, आणि क्लोनचं काय करायचं.

लिहिताना मूळ शब्द तसेच ठेवा हे आधी सांगतो, कारण कंपायलर त्याच शब्दांत बोलतो आणि शोधायची वेळ आली तर आपणही तेच टाकून शोधतो. पण शेजारी बसून समजावताना मराठी क्रियापद येतंच, "अरे ते वरच्या ओळीत हलवलंस ना, म्हणून" असं तोंडातून जातंच, आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यात नेमकं तेच बसतं आणि मग तो त्या हिशोबाने कोड दुरुस्त करायला जातो. त्यामुळे माझी कसोटी साधी आहे, शब्द ऐकून एरर कशी घालवायची याचा थोडा तरी अंदाज आला पाहिजे. शुद्ध आहे की नाही वगैरे नंतर बघू.

'उधार' लगेच बाद करू. उधारीवर घेतलेली वस्तू आपली झालेली असते, बाकी राहतात ते पैसे, आणि देणाऱ्याला ती वस्तू परत नकोच असते. रस्टमध्ये प्रत्येक व्हॅल्यूला एक व्हेरिएबल मालक असतो, आणि बॉरो बरोबर उलटं, मालक बदलतच नाही आणि देणंही काही उरत नाही. हिंदीत मात्र 'उधार लेना' सगळ्यालाच चालतं, बहुतेक तिथूनच ते आपल्या बोलण्यात शिरतंय.

'उसनं' जास्त जवळचं वाटतं खरं, पण त्यातही एक खोच आहे. पैसे उसने घेतले तर आपण त्याच नोटा परत देत नाही, त्या खर्च होतात आणि तेवढेच दुसरे पैसे परत जातात. हातउसने म्हणतो तेही हेच. म्हणजे घेतलेली वस्तू संपवून टाकायची मुभा उसन्यात गृहीतच आहे. आणि 'उसनं अवसान', 'उसनं हसू' यात तर परत करायचा विषयच नाही, आपलं नसलेलं एवढाच अर्थ राहिलाय. बॉरोमध्ये असं काही नसतं, तीच वस्तू, ती आहे तिथेच, आपलं काम होईपर्यंत वापरायची आणि विषय संपला. यासाठी मराठीत एकच एक क्रियापद मला तरी सापडत नाही, आपण सरळ 'वापरायला घेतली' किंवा 'मागून आणली' म्हणतो. कुणाची वही आपण वापरायला घेतो, उसनी वही म्हटलं की मला तरी कोरी घेऊन कोरी परत करणार असं वाटतं.

(जुन्या लोकांनी हा फरक केला होता बरं का. याज्ञवल्क्यस्मृतीत ठेवीच्या प्रकरणात याचित, अन्वाहित, न्यास, निक्षेप अशी नावं ओळीने येतात, त्यातलं याचित म्हणजे मागून आणलेली, तीच परत करायची वस्तू. आणि अन्वाहित म्हणजे एकाकडे ठेवलेली वस्तू त्याने 'मालकाला दे' म्हणून पुढे दुसऱ्याच्या हाती सोपवलेली. पण कोड रिव्ह्यूमध्ये 'याचित' म्हणालात तर लोक बघतच राहतील, तेव्हा राहू द्या.)

तर बॉरो म्हणजे 'वापरायला घेणं'. लांबलचक आहे, मान्य, पण याचा एक मोठा फायदा आहे जो उसन्यात नाही. रस्टमध्ये बॉरो दोन जातीचा, इम्युटेबल (न बदलता) आणि म्युटेबल (बदलता येईल असा), आणि मराठीत 'वापरायला' काढून तिथे नेमकं काम घातलं की दोन्ही आपोआप वेगळे होतात: वाचायला घेतलं, बदलायला घेतलं. एकच वही एकाच वेळी कितीही जणांना वाचायला देता येते, पण एकाने बदलायला घेतली की बाकीच्यांनी हात लावायचा नाही, वाचायलासुद्धा नाही. आता ई०५०२ ही एरर घ्या, 'कॅनॉट बॉरो अ‍ॅज म्युटेबल बिकॉज इट इज ऑल्सो बॉरोड अ‍ॅज इम्युटेबल'. उसनं लावून भाषांतर केलं तर 'अपरिवर्तनीय उसनं असताना परिवर्तनीय उसनं' असलं काहीतरी होतं ज्याचा अर्थ भाषांतर करणाऱ्यालाही लागत नाही. त्याऐवजी म्हणा, एकाने वाचायला घेतलेली असताना दुसऱ्याला बदलायला देता येत नाही. लगेच पुढचा प्रश्न सुचतो, कोण वाचतोय अजून? आणि ती एरर सोडवायला हाच प्रश्न विचारायचा असतो.

ही एरर हमखास कुठे येते तर यादी नावाचा व्हेक (वाढवता येणारी यादी) आहे, त्यातल्या पहिल्या आयटमचा & लावून रेफरन्स (त्याच्या जागेकडे बोट दाखवणारी खूण) घेतला, मग यादीत पुशने एक आयटम वाढवला, आणि त्यानंतर तो पहिला रेफरन्स प्रिंट केला. मुलं वैतागतात, की मी शेवटी भर घातली, पहिल्याला कुठे हात लावला? तर गोष्ट अशी की व्हेकमधली जागा भरलेली असेल तर पुश नवी मोठी जागा घेतो, सगळे आयटम तिकडे नेतो आणि जुनी जागा सोडून देतो, म्हणजे आपला रेफरन्स सोडून दिलेल्या जागेकडे बोट दाखवत राहिला असता. सी++मध्ये हे बिनतक्रार कंपाइल होतं आणि मग कधीतरी चुकीचा आकडा दिसतो किंवा क्रॅश होतो, कधी काहीच होत नाही, जे सगळ्यात वाईट. रस्टमध्ये प्रिंटची ओळ पुशच्या वर नेली तरी एरर जाते. किंवा आयटम साधा आकडा असेल तर & न लावता आकडाच काढून ठेवायचा, नाहीतर रेफरन्सऐवजी इंडेक्स लक्षात ठेवायचा. ओळ वर नेऊन काम भागतं ते डिसेंबर २०१८ च्या १.३१ पासून, त्या वर्षीच्या एडिशनमध्ये (भाषेच्या नियमांची आवृत्ती) बॉरो ब्लॉक संपेपर्यंत न धरता शेवटच्या वापरापर्यंतच धरायला लागले. त्याआधी महिरपी कंसांचे जादा ब्लॉक घालत बसायला लागायचं, आणि इंटरनेटवरच्या जुन्या उत्तरांमध्ये तो सल्ला अजून सापडतो, तो आता पाळायची गरज सहसा पडत नाही.

रेफसेल (व्हॅल्यू आत ठेवायचा रस्टमधला एक डबा) वापरलं असेल तर हाच नियम कंपायलर न बघता प्रोग्रॅम चालताना बघितला जातो, तिथे मोडला की 'ऑलरेडी बॉरोड' म्हणून पॅनिक, म्हणजे प्रोग्रॅम तिथेच कोसळतो. शब्द तोच, अर्थ तोच, फक्त कळतं उशिरा. अशा वेळी बॉरोम्यूटने घेतलेली व्हॅल्यू व्हेरिएबलमध्ये धरून ठेवली आहे का आणि ती धरलेली असतानाच दुसरं फंक्शन कॉल होऊन पुन्हा बॉरो मागतंय का, हे आधी बघा.

'वापरायला घेणं' आणखी एका ठिकाणी कामाला येतं, ई०५०७, 'कॅनॉट मूव्ह आउट'. फंक्शनला स्ट्रक्ट (अनेक व्हॅल्यूंची एक जुडी) & म्युट लावून मिळालाय, म्हणजे बदलायला मिळालाय, आणि आपण त्यातली नाव नावाची स्ट्रिंग (मजकूर) काढून रिटर्न करायला बघतो. हे म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. वापरायला मिळालेली वस्तू परस्पर तिसऱ्याला कशी देणार? बदलायची परवानगी आहे, देऊन टाकायची नाही, आणि हा फरक एकदा डोक्यात बसला की उपाय आपोआप पटतात, एक तर प्रत काढून द्या म्हणजे क्लोन, नाहीतर मेम टेक हे तयार फंक्शन वापरून तिच्या जागी रिकामी स्ट्रिंग ठेवा आणि मग ही न्या, जागा मोकळी पडत नाही ना मग झालं. ऑप्शन (व्हॅल्यू असेल किंवा नसेल असा प्रकार) असेल तर त्याचं स्वतःचं टेक आहेच, मागे नन, म्हणजे 'काही नाही', राहतं.

आता मूव्ह. 'हलवणं' मला अजिबात पटत नाही, आणि कारण तांत्रिक आहे. नाव नावाच्या व्हेरिएबलमध्ये स्ट्रिंग आहे, ती दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये टाकली की मूव्ह झाली. पण हललं काय? ६४ बिट मशीनवर स्ट्रिंग व्हेरिएबल २४ बाइटचं असतं, पॉइंटर, लांबी आणि कपॅसिटी, फार तर ते २४ बाइट कॉपी होतात. अक्षरं हीपवर (मेमरीचा वेगळा भाग) होती तिथेच असतात, तसूभरही हलत नाहीत. बदलतं ते इतकंच की ती जागा शेवटी मोकळी करायची जबाबदारी कोणाची. म्हणून मूव्हला 'हवाली करणं' म्हणा, 'सुपूर्द करणं' म्हणा, मला हवाली बरं वाटतं कारण त्यात जबाबदारी पण गेली हे येतं. 'हलणं' हे क्रियापद वर पुशमध्ये जे झालं त्यासाठी राखून ठेवा, तिथे आयटम खरंच हलतात. गंमत म्हणजे रस्टच्या शब्दांत त्या वेळी यादी मूव्ह झाली असं कोणी म्हणत नाही, मालक तोच आहे ना.

हवाली धरलं की सगळ्यात जास्त दिसणारी ई०३८२, म्हणजे 'बॉरो ऑफ मूव्ह्ड व्हॅल्यू', सरळ वाचता येते: जे दुसऱ्याच्या हवाली करून टाकलं तेच पुन्हा वापरायला मागतोयस. ('हलवलेल्या मूल्याचं उसनं' असं एका ठिकाणी वाचलंय, पाच मिनिटं कळलं नव्हतं काय म्हणायचंय.) मग शोधायचं एवढंच, हवाली कुठे केलं आणि तशी गरज होती का. बहुतेक वेळा गरज नसतेच. फंक्शनला यादीची नुसती बेरीज करायची होती आणि पॅरामीटर पूर्ण व्हेक लिहिलाय, म्हणजे मागतानाच हवाली मागितलं, तिथे पॅरामीटरमध्ये & लावून स्लाइस (यादीतल्या आयटमकडे बघणारा रेफरन्स) घ्या आणि कॉल करतानाही & द्या. दुसरी नेहमीची जागा फॉर लूप, 'फॉर आयटम इन यादी' लिहिलं की लूप सगळी यादी ताब्यात घेतो आणि नंतर यादी म्हटलं की एरर, तिथे यादीच्या आधी & टाकला की लूप फक्त वाचायला घेतो. कंपायलर हे दोन्ही उपाय खाली हेल्प आणि नोट म्हणून स्वतःच सांगतो, पण लोक लाल ओळ वाचून थांबतात. रस्टसीला, म्हणजे रस्टच्या कंपायलरला, एक्सप्लेन म्हणून पुढे तो ई वाला नंबर दिला तर छोट्या उदाहरणासकट पूर्ण खुलासा येतो, इंटरनेटही लागत नाही.

सी++वाल्यांसाठी इथे एक सूचना जोडा नोट्समध्ये. २०११ च्या स्टँडर्डमध्ये आलेलं त्यांचं एसटीडी मूव्ह स्वतः काहीच हवाली करत नाही, ते फक्त 'याच्यातलं न्यायला हरकत नाही' अशी खूण करतं, आणि नेल्यानंतरही जुनं व्हेरिएबल वापरलं तर कंपायलर तुम्हाला अडवत नाही. त्यामुळे तिकडून आलेल्या माणसाला रस्टची मूव्ह एरर उगाच कडक वाटते.

लाइफटाइमला (रेफरन्स किती काळ वापरता येतो ते) लोक 'आयुष्य' म्हणतात, मी 'मुदत' म्हणेन. आयुष्य म्हटलं की ते वाढवता येईल अशी आशा लागते, आणि नेमकी तीच चूक सगळे करतात, 'डझ नॉट लिव्ह लाँग इनफ' दिसलं की टिक-ए, टिक-बी या लाइफटाइमच्या खुणा सगळीकडे चिकटवत सुटतात. त्या खुणांनी कुठलीही व्हॅल्यू एक क्षणही जास्त टिकत नाही. त्या फक्त सांगतात की परत मिळणारा रेफरन्स कुणाच्या मुदतीला बांधलेला आहे, करारातली मुदतीची ओळ असते तशी. व्हॅल्यू आतल्या ब्लॉकमध्ये तयार झाली आणि रेफरन्स बाहेर वापरला, तर ती व्हॅल्यूच बाहेर तयार करायची. आणि फंक्शनच्या आत तयार केलेल्या स्ट्रिंगचा रेफरन्स परत करत असाल, ई०५१५, तर मुदतीचं काहीही लिहा उपयोग नाही, फंक्शन संपलं की ती स्ट्रिंगच उरत नाही, तिथे स्ट्रिंगच हवाली करा.

जाता जाता, रस्टमध्ये जून २०२१ च्या १.५३ पासून व्हेरिएबलची नावं देवनागरीत चालतात, त्यामुळे नोट्समधल्या उदाहरणांत नाव, यादी, बेरीज अशीच नावं ठेवा, कंपाइल होतं. कीवर्ड अर्थातच इंग्रजी. खऱ्या प्रोजेक्टमध्ये मी करणार नाही, कीबोर्ड बदलत बसायचा कंटाळा.

राहिलं क्लोन. 'नक्कल' नको, त्याला खोट्याचा वास आहे, 'प्रत' चांगला शब्द आहे. आकडे, बूल वगैरे कॉपी प्रकारात मोडतात, त्यांची प्रत न मागता आपोआप निघते म्हणून तिथे हवाली करायचा प्रश्नच येत नाही, स्ट्रिंग किंवा व्हेकची मात्र मुद्दाम क्लोन म्हणून काढावी लागते कारण हीपवरचा सगळा मजकूर परत लिहायला लागतो, खर्च आहे. शिकताना बिनधास्त क्लोन मारून पुढे जावं या मताचा मी आहे, नंतर मोजून बघा कुठे महाग पडतंय. फक्त आरसी आणि आर्क (एकाच डेटाला अनेक मालक देणारे प्रकार) यांना 'प्रत' लावू नका, तिथे क्लोन केलं तरी आतला डेटा एकच राहतो आणि मोजणी एकाने वाढते, तिथे 'आणखी एक मालक वाढला' असंच लिहा.