मांजराला पिसवांचं औषध लावल्यावर ते थरथरायला लागलं, हा योगायोग असू शकतो का?

कुत्र्याचं पिसवांचं औषध अर्धंच बोक्याच्या मानेवर टाकलंत, चार तासांनी तो लाळ गाळतोय, कान झटकतोय, आणि घरचे म्हणतात योगायोग. अजिबात नाही. उत्तर नंतर वाचा. आधी भांडी घासायचं लिक्विड आणि कोमट पाणी घेऊन ती जागा धुवा, कोरडं करून टॉवेलात गुंडाळा आणि औषधाचं पाकीट घेऊन डॉक्टरकडे निघा. झटके सुरू झाले असतील तर धूत बसू नका, तसेच निघा.

तीन वर्षांपूर्वी श्रावणात आमच्या ठकी मांजरीला पिसवा झाल्या. आमचं घर कराडजवळ, मागे गोठा, तीन म्हशी. त्यांच्या गोचिडांसाठी डेल्टामेथ्रिनची बाटली कोनाड्यात असायचीच. मी माहेरी गेले होते. धाकट्या दिरांनी त्यातलं बूचभर औषध पाणी न घालता ठकीच्या पाठीला चोळलं. संध्याकाळी परतले तर ती पिंपामागे दडलेली, हनुवटी लाळेनं भिजलेली. उचलली तर कातडी उडत होती, माशी बसल्यावर म्हैस थरकवते तशी. चालताना एकेक पंजा झटकत होती. अंग तापलेलं.

भाऊजींना विचारलं तर म्हणाले, "मी काहीच लावलं नाही." तासाभरानं म्हणाले, "बूचभरच." तो वाया गेलेला तास मी अजून विसरले नाही. एका डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, मिरगी असेल, सकाळी आणा. मी थांबले नाही, रिक्षा करून दुसऱ्यांकडे गेले. त्यांनी आत शिरताच विचारलं, बाटली कुठाय? गोचिडांच्या औषधांत अगदी वेगवेगळ्या जाती आहेत. ऑर्गनोफॉस्फेट असेल तर अ‍ॅट्रोपिनचा उतारा असतो. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन, परमेथ्रिन ही पायरेथ्रॉइडं, त्यांना उताराच नाही. अंगावरचं धुऊन काढायचं, स्नायू सैल करायला मेथोकार्बामॉल, झटक्यांना डायझेपाम, सलाईन, आणि विष शरीरातून जाईपर्यंत जीव धरून ठेवायचा. ठकीनं तीन रात्री काढल्या. चौथ्या दिवशी माशाचं पाणी चाटलं तेव्हा मी दवाखान्यातच रडले.

भाऊजी आजही म्हणतात की तिनं उंदराचं औषध खाल्लं असणार. घरात ब्रोमाडिओलोनच्या वड्या होत्या हे खरं. पण त्यानं रक्त गोठत नाही, आणि ते दिसायलाही काही दिवस लागतात. कातडी उडत नाही. दुसरं त्यांचं पालुपद, "म्हशीला चालतं ते मांजराला का नाही?" कारण मांजराचं यकृत वेगळं आहे. अशी रसायनं निकामी करून बाहेर टाकायची ग्लुकुरोनिडेशन नावाची क्रिया मांजरात फारच कमी होते. माणसाची पॅरासिटामॉलची एक गोळी मांजर मारू शकते, तीही मुख्यतः यामुळेच. त्यामुळे "थोडंसंच लावलं" याला काही अर्थ नाही. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या काही औषधांत निम्म्याच्या आसपास परमेथ्रिनच असतं, त्याचे काही थेंबही मांजराला खूप होतात. कुत्र्याला ते लावलंत तर वाळेपर्यंत मांजराला त्याच्याशेजारी झोपू देऊ नका.

एक मात्र सांगायला हवं, लाळ आली म्हणजे विषबाधाच असं नाही. मांजरासाठीचंच फिप्रोनिल नावाचं पिसवांचं औषध असेल आणि त्यानं ते चाटलं असेल तर चवीनं थोडा वेळ तोंडाला फेस येतो आणि थांबतो. फ्लुरालानर, सारोलानर या गटातल्या पिसवांच्या औषधांनी क्वचित थरथर आणि झटके येतात, अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेनं 2018 मध्ये तसा इशारा दिला होता. तरी बहुतेक मांजरांना ती सोसतात. पूर्वी झटके आले असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. तुमच्या पाकिटावर नक्की काय लिहिलंय ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण कुत्र्याचं औषध आणि ही लक्षणं एकत्र असताना मी तरी थांबणार नाही.

घरच्यांशी आज वाद घालू नका. काय लावलं, किती आणि किती वाजता, एवढंच खरं खरं काढून घ्या. आमच्याकडची बाटली आता कुलपात आहे, किल्ली माझ्याकडे. म्हशींना फवारायचं असेल तेव्हा भाऊजी मागतात, मी स्वतः मापून देते.