रेडिओवरचं गाणं आणि फॉर्ममधली ती टिक

तुमचा प्रश्न वाचून पोटात गोळाच आला. 22 मिनिटांची शॉर्ट फिल्म, स्वयंपाकघरातल्या रेडिओवर 35 सेकंद वाजणारं जुनं भावगीत, आणि फेस्टिव्हलच्या फॉर्ममध्ये ‘फिल्ममधल्या सर्व घटकांचे हक्क माझ्याकडे आहेत’ यापुढे टिक करायची की नाही. मी 2018 साली केली होती. रात्री पावणेबाराला, कारण बाराला मुदत संपत होती.

फॉर्म कसा भरायचा, सबटायटल, पोस्टर वगैरे तुम्ही बघितलंच असेल, त्यात जात नाही. आणि आधीच सांगते, मी वकील नाही. जे भोगलं तेवढंच लिहितेय.

माझी चूक टिक करण्याची नव्हती. ती चार महिने आधी, शूटिंगच्या वेळीच झाली होती. आमच्या फिल्ममध्ये एक आजी भाकऱ्या थापतायत आणि रेडिओवर 1961 सालचं एक गाणं लागलंय. आजींचं काम करणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका, आयुष्यात पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर. मला वाटलं, गाणं खरंच वाजलं तर त्यांचे हात त्या लयीत पडतील. म्हणून रेडिओच्या खोक्यात ब्लूटूथ स्पीकर दडवला आणि टेक चालू असताना गाणं लावलं. आमचा साउंडवाला बिचारा दोनदा म्हणाला, “ताई, गाणं नंतर टाकू, आत्ता नुसती लय पकडू द्या.” मी ऐकलं नाही. हात छान पडले, हे खरं. पण आजींचं प्रत्येक वाक्य त्या गाण्यात भिजून निघालं. एडिटला कट मारला की गाणं उडी घ्यायचं, ते झाकायला आम्ही वरून तेच गाणं स्वच्छ आणि मोठ्या आवाजात अंथरलं. म्हणजे एकाच गाण्याचे दोन थर.

फिल्म परदेशातल्या एका चांगल्या फेस्टिव्हलच्या स्पर्धेत निवडली गेली. घरी पेढे वाटून झाले. आठवड्याने मेल आला: डीसीपी (थिएटरमध्ये दाखवायची डिजिटल प्रत) पाठवा, म्युझिक क्यू शीट (फिल्ममध्ये कुठे कुणाचं संगीत वाजतं त्याची यादी) पाठवा, आणि गाण्याच्या परवानगीचं पत्र जोडा. हातात 24 दिवस.

मग सुरू झाली त्या गाण्याची रेकॉर्ड ज्यांच्या मालकीची, त्या कंपनीच्या ऑफिसची वारी. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. फोन केला तर ‘मेल टाका’. मेल टाकला तर शांतता. शेवटी मुंबई गाठली, वॉचमनच्या वहीत नाव लिहिलं, दोन तास बसले. एका साहेबांनी दुसऱ्या विभागाकडे पाठवलं, तिथल्या मॅडमनी फॉर्म दिला. तो जाहिरातवाल्यांचा होता. पहिलाच रकाना: ‘उत्पादनाचे नाव’. मी विचारलं, इथे काय लिहू? त्या म्हणाल्या, “तुम्ही काय विकताय ते लिहा.” मी ‘भाकरी’ लिहायच्या बेतात होते, खरंच सांगते. सोळाव्या दिवशी आकडा आला: एका वर्षासाठी 75,000 रुपये, आणि तोही फक्त ध्वनिमुद्रणाचा, शब्द आणि चालीचं वेगळं. माझी अख्खी फिल्म 1 लाख 80 हजारांत झाली होती. केवळ फेस्टिव्हलपुरती स्वस्त परवानगी मिळते का, असं विचारणारा मेल लगेच टाकला. उत्तर आठ महिन्यांनी आलं: ‘आपली विनंती विचाराधीन आहे.’

त्या 24 दिवसांतच, गाणं काढून टाकता यावं म्हणून आम्ही डबिंग करून पाहिलं. बाईंना ओठ जुळवता येईनात. बोलतानाचा तो श्वास, भाकरी उलटताना मध्येच तुटणारं वाक्य, ते स्टुडिओत परत येत नाही. मुदत टळली. फेस्टिव्हलने सभ्य भाषेत निवड मागे घेतली.

आता तुमच्या प्रश्नाखाली ज्यांनी ‘30 सेकंदांपर्यंत चालतं’ असं सांगितलंय, त्यांच्याबद्दल. असा नियम आपल्या कॉपीराइट कायद्यात कुठेही नाही. ‘जुनं आहे म्हणजे मोकळं आहे’ हेही अर्धवटच. आपल्याकडे ध्वनिमुद्रण प्रकाशनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षं धरतात. म्हणजे माझ्या त्या 1961च्या रेकॉर्डची मुदत 2021 अखेर संपली. पण शब्द आणि चाल यांची 60 वर्षं मोजली जातात त्या-त्या माणसाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून. उदाहरणार्थ, गीतकार गदिमा 1977 साली गेले, म्हणजे त्यांचे शब्द 2037 संपेपर्यंत मोकळे नाहीत. संगीतकार बाबूजी, म्हणजे सुधीर फडके, 2002 साली गेले, त्यांच्या चाली 2062 पर्यंत. एका गाण्याला तीन दारं आणि तिन्हींच्या किल्ल्या वेगवेगळ्या लोकांकडे असू शकतात. परदेशात मुदती आणखी वेगळ्या.

‘मग अभंग टाका’ असंही कुणीतरी म्हणालंय. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे, कबूल. पण रेडिओवर जी चाल ऐकतो ती कुणीतरी बांधलेली असते आणि ती रेकॉर्डही कुणाची तरी असते. आम्ही शेवटी ते दृश्य पुन्हा शूट केलं. रेडिओ बंद, आणि त्याच बाई त्यांच्या आजीकडून ऐकलेली जात्यावरची ओवी गुणगुणतात. त्यांची सही घेतलेला कागद फाइलला आहे. माझ्या मते (माझ्याच, भांडू नका) दृश्य आधीपेक्षा बरं झालं. ती आवृत्ती पुढे दोन फेस्टिव्हलना गेली. पहिलं हुकलं ते हुकलंच.

जाता जाता: 22 मिनिटं हा अडनिडा आकडा आहे. कान फेस्टिव्हलची शॉर्ट फिल्म स्पर्धा 15 मिनिटांपर्यंत घेते, व्हेनिस 20, बर्लिन 30, ऑस्करची व्याख्या 40, सगळं श्रेयनामावलीसकट. अडीच मिनिटं कापता आली तर एक दार उघडतं. आपलं मिफ (मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) दोन वर्षांतून एकदाच असतं, तारखा आधी बघा. आणि दर महिन्याला ‘भरणाऱ्या’, डॉलरमध्ये फी घेऊन पोस्टरवर लावायला ‘निवड झाली’ असं सांगणारी दोन डहाळ्यांची नक्षी (लॉरेल) पाठवणाऱ्या फेस्टिव्हलांना एक छदाम देऊ नका. तिथे पडदाही नसतो, प्रेक्षकही नसतात. मी अशा चार ठिकाणी पैसे घातलेत, त्यामुळे जरा जास्तच चिडून लिहितेय. आणि कलाकारांना दाखवायला म्हणून यूट्यूबवर टाकणार असाल तर थांबा; प्रीमियर, म्हणजे पहिला जाहीर खेळ, आपल्याकडेच हवा म्हणणारे काही फेस्टिव्हल तेवढ्यावरूनही बाद करतात. पासवर्डवाली लिंक द्या.

तुमच्या टिकचं म्हणाल तर आज करू नका. आधी एवढंच कळवा: तुमचं गाणं वेगळ्या ट्रॅकवर आहे, की माझ्यासारखं टेकमध्येच वाजवलंत? वेगळं असेल तर साउंडवाल्याकडे एक दिवस बसा, गाणं काढा आणि त्या जागी बातम्यांचा आवाज तुमच्याच मित्राकडून वाचून घ्या (मजकूरही तुम्हीच लिहा, आकाशवाणीची फीत उचलू नका). टेकमध्येच असेल तर त्या दृश्याचे बाकीचे टेक, रिहर्सलचेसुद्धा, शोधा. आमच्याकडे गाणं न लावता केलेली एक रिहर्सल रेकॉर्ड झालेली होती. ती जागा करायला पुसून टाकली होती, तीही मीच.