औषध राहू द्या, आधी ते किडे पळतात का बघा

‘जास्वंदीवर मिलीबग झालेत, त्यातले काही मोठे, झिपरे आणि भराभर पळणारे आहेत, काय फवारू?’ हा प्रश्न वाचून राहवलं नाही. ताई, काहीही फवारू नका. मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण, असा पळत नाही. पळणारी बहुतेक क्रिप्टोलीमसची अळी आहे. हा मिलीबग खाणारा भुंगेरा, लेडीबर्डचाच (ठिपकेवाल्या लाल भुंगेऱ्याचा) भाऊबंद, मूळचा ऑस्ट्रेलियाचा, १८९८ मध्ये भारतात आणलेला.

माझ्या कोथरूडच्या गच्चीवर हेच झालं होतं. फांदी डबीत घालून मी एका सल्ला केंद्रात घेऊन गेले. समोरच्यांनी झाकणसुद्धा उघडलं नाही. ‘मिलीबगच आहे, हे मारा,’ म्हणून बाटली हातात दिली. दोनदा फवारलं. पळणारे सगळे मेले. पिठ्याची अंडी मात्र कापसासारख्या पुंजक्यांत शाबूत राहिली. महिनाभरात फांद्या पुन्हा पांढऱ्याफटक, आणि आता त्यांना खाणारं कोणी उरलं नव्हतं. आईने लावलेली जास्वंद बुंध्यापासून छाटावी लागली. नारायणगावचा माझा मावसभाऊ द्राक्षं करतो. मोबाइलमधला फोटो बघून तो म्हणाला, ‘अगं, ह्या अळ्या आम्ही विकत आणून बागेत सोडतो!’ डबी उघडायला किती वेळ लागला असता? अजून राग येतो.

त्या अळीचं पांढरं मेण म्हणजे तिचं चिलखत. मिलीबगच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्यांची राखण करतात, त्या मुंग्यांपासून ते तिला वाचवतं. मोठा भुंगेरा काळपट, डोकं नारिंगी, ठिपके नाहीत. ठिपकेवाल्या लेडीबर्डची तऱ्हा वेगळी: लाल रंग हाच इशारा, तरी कोणी पकडलंच तर पायांच्या सांध्यांतून पिवळा, कडू, उग्र वासाचा द्रव सोडते. पोरांच्या बोटांना लागतो तो हाच.

मी कृषी पदवीधर नाही, माझं ज्ञान गच्चीपुरतं. पण माझं मत पक्कं आहे: आधी मुंग्या आवरा. भिंतीला टेकलेल्या फांद्या छाटा, कुंडी पाण्याच्या ताटलीत विटेवर ठेवा (पाणी रोज बदला, डास होतात). कडुनिंबाचं तेलही सध्या नको.

वांगी लावली असतील तर एक अपवाद. तिथला अठ्ठावीस ठिपक्यांचा, बारीक लव असलेला, निस्तेज भुंगेरा पानंच खातो. त्याच्या पिवळ्या काटेरी अळ्या पानाखाली असतात, त्या मात्र हाताने वेचून काढा.