पियानो घेऊन जर्मनीत यायचं असेल तर

पुण्यात पियानोची ग्रेड आठची परीक्षा झाली, ट्रिनिटी कॉलेज लंडनची एलटीसीएल पदविकाही झाली, आता जर्मनीत येऊन कॉन्सर्ट पियानिस्ट व्हायचंय. आई-बाबांना मात्र पोट कसं भरणार याची काळजी. खरं काय ते सांगा ताई, असं तू विचारलंस. ताई म्हणालीस, म्हणून अगं-तुगंच करते. मी मूळची वसईची. गेली चौदा वर्षं फ्रँकफर्टजवळ राहते, एका संगीतशाळेत शिकवते, घरी शिकवण्या घेते आणि वर्षाकाठी दहा-बारा मैफली वाजवते. यातून घर चालतं.

आधी परीक्षेचं बोलू, कारण आपल्याकडच्या मुलांचा सगळ्यात मोठा गैरसमज तिथेच असतो. ग्रेड आठ किंवा एलटीसीएल दाखवून इथल्या होखशुलेत, म्हणजे संगीताच्या विद्यापीठात, प्रवेश मिळत नाही. प्रत्यक्ष येऊन वाजवावं लागतं. बाखचा एक प्रेल्यूड आणि फ्यूग (अनेक स्वतंत्र आवाज एकमेकांत गुंफलेली रचना), हायडन-मोत्झार्ट-बेथोवेनपैकी एकाचा पूर्ण सोनाटा, एखादं एट्यूड म्हणजे तंत्राचा कस लावणारा तुकडा, एक रोमँटिक रचना आणि विसाव्या शतकातलं काहीतरी, असा साधारण कार्यक्रम मागतात. नेमकी यादी प्रत्येक ठिकाणी वेगळी असते, काही ठिकाणी वयाचीही अट असते, तेव्हा त्या त्या होखशुलेची पानं नीट वाच. समोर पाच-सहा प्राध्यापक बसतात, मधेच थांबवतात, "आता फ्यूग" म्हणतात. थांबवलं म्हणजे वाईट वाजलं असं मुळीच नाही, एवढं मनाशी पक्कं ठेव.

शिवाय थिअरी आणि कानाची परीक्षा असते. इथेच माझं पहिलं वर्ष वाया गेलं. आपण ज्याला बी म्हणतो त्याला जर्मन लोक एच म्हणतात, आणि त्यांचा बी म्हणजे आपला बी फ्लॅट. हे मला पाठ होतं. पण सूर ऐकून भराभर लिहिताना हात जुन्या सवयीने चालला आणि बरोबर ऐकलेले सूर मी चुकीच्या नावाने लिहून आले. म्हणून सांगते, आजपासूनच सरावाच्या वहीत सिस (सी शार्प), एस (ई फ्लॅट), आस (ए फ्लॅट), एच अशीच नावं लिही. जर्मन भाषेची बी-वन पातळी तर करच, जमलं तर त्यावरची बी-टू कर.

आता यातलं सगळ्यात महत्त्वाचं. शहर बघून होखशुले निवडू नकोस, शिक्षक बघून निवड. पुढची चार वर्षं तुझा हात, तुझा कान एकाच माणसाच्या हाती असणार आहे. अर्ज करण्याआधी दोन-तीन प्राध्यापकांना रेकॉर्डिंग पाठवून एकेक तास शिकायची विनंती कर. इथे ही रीतच आहे, त्यात संकोच करण्यासारखं काही नाही. माझ्या पहिल्या तासाला मी शोपाँ तयार करून गेले होते. सरांनी तो ऐकून घेतला आणि बाखचा सी मायनर फ्यूग काढायला सांगितला. तीन आवाजांचा फ्यूग आहे तो. म्हणाले, वरचा आणि खालचा आवाज वाजव, मधला गा. मला दोन मापंसुद्धा जमेना. आठ वर्षं मी तो फ्यूग बोटांनी वाजवत आले होते, मधला आवाज कधी ऐकलाच नव्हता. त्या तासातच ठरलं की शिकायचं तर यांच्याकडे.

पैशाचं थोडक्यात सांगते. बहुतेक राज्यांत सरकारी होखशुलेत शिकवणी फी नाही, फक्त सत्राची वर्गणी असते. बाडेन-वुर्टेमबेर्गसारख्या राज्यात मात्र युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला 1500 युरो भरावे लागतात. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीकच रक्कम काढता येणाऱ्या खात्यात, वर्षाचे 11,904 युरो दाखवायचे आणि त्याआधी एपीएसचं, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासणाऱ्या जर्मन कार्यालयाचं, प्रमाणपत्र काढायचं. आकडे बदलत असतात, निघताना पुन्हा तपास. एक गोष्ट मात्र गाठीला बांध: विद्यार्थी व्हिसावर वर्षाला 140 पूर्ण दिवस नोकरी चालते, पण स्वतःच्या शिकवण्या घेणं हा स्वतंत्र व्यवसाय धरला जातो आणि त्याला वेगळी परवानगी लागते. ती न घेता एकही शिकवणी घेऊ नकोस. शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला अठरा महिने मिळतात.

आणि नोकरी म्हणजे शिकवणं. आई-बाबांना हे सरळ सांग. केवळ मैफलींवर जगणारे पियानिस्ट इथेही फार थोडे आहेत. सरकारी संगीतशाळेत आठवड्याला 45 मिनिटांचे तीस तास म्हणजे पूर्ण नोकरी, पण तशी जागा क्वचितच निघते. दोन शाळांत मिळून पंधरा-वीस तास, वर घरच्या शिकवण्या, असंच बहुतेकांचं गणित असतं. पूर्वी शाळा तासावर पैसे देऊन मोकळ्या व्हायच्या. 2022 मध्ये हेरेनबर्ग गावच्या संगीतशाळेतल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च सामाजिक न्यायालयाने ती शाळेची नोकरदारच आहे असा निकाल दिला, तेव्हापासून बऱ्याच शाळा पक्की नेमणूक देऊ लागल्या आहेत. स्वतंत्र काम करणाऱ्या कलाकारांसाठी क्युन्स्टलरसोत्सियालकासे, म्हणजे कलाकारांची सामाजिक विमा योजना, आहे. त्यात नाव लागलं की आरोग्यविमा आणि पेन्शनचा साधारण अर्धाच भार आपल्यावर येतो.

म्हणून माझा आग्रह आहे की नुसत्या वादनाबरोबर अध्यापनाचाही अभ्यासक्रम घे. शिकवणं म्हणजे मैफल हुकलेल्यांचं काम, असं पुण्या-मुंबईत मी फार ऐकलं आहे आणि ते मला कधीच पटलं नाही. एकोणिसाव्या शतकातली नामवंत पियानिस्ट क्लारा शूमान 1878 पासून 1892 पर्यंत याच फ्रँकफर्टमध्ये डॉक्टर होख यांच्या कॉन्झर्व्हेटरीत शिकवत होती, आणि तिची शेवटची जाहीर मैफल 1891 ची. शिकवणं आणि वाजवणं तिने बरोबरीने केलं.

माझ्याकडे सात वर्षांची एक मुलगी येते. पाय जमिनीला टेकत नाहीत म्हणून पायाखाली लाकडी पाट ठेवते मी. दोन सूर जोडून वाजवताना तिचे खांदे कानाला भिडायचे. मनगट ओल्या फडक्यासारखं सोड, असं तिला सांगायला मी आधी स्वतः सावकाश वाजवून पाहिलं, तेव्हा लक्षात आलं की मोत्झार्टच्या संथ भागात माझंही मनगट तसंच अडकतं. पुढच्या मैफलीत तो भाग मी निराळा वाजवला. सकाळ सरावाला मोकळी मिळते, मुलं दुपारी दोननंतर येतात. हा दिनक्रम मला मनापासून आवडतो.

घर बघताना मालकाला पियानोबद्दल आधीच सांग. साधारण दिवसाला दोन-तीन तास, रविवारी थोडं कमी, एवढं वाजवणं शेजाऱ्यांनी सहन करावं असं इथलं न्यायालयही मानतं, पण रात्री दहानंतर हेडफोनच. आणि आपल्याकडे पावसाळ्यात दमट हवेने पट्ट्या फुगतात, तर इथे हिवाळ्यात हीटरने लाकूड सुकतं. खोलीतली आर्द्रता चाळीस टक्क्यांखाली जाऊ देऊ नकोस.

हिवाळी सत्राचे अर्ज बहुतेक ठिकाणी मार्च-एप्रिलपर्यंत भरायचे असतात. त्याआधी बाखचा एक फ्यूग आणि सोनाट्याचा पहिला भाग मोबाइलवर रेकॉर्ड करून मला पाठव. एका दमात वाजवलेलं, न कापलेलं. चुका राहू देत. ते ऐकून कुठल्या शिक्षकांना लिहायचं ते आपण दोघी मिळून ठरवू.