गिझरचा थर्मोस्टॅट वारंवार का जातो?

प्रश्न : आमचा १५ लिटरचा, २ किलोवॅटचा गिझर नऊ वर्षांचा आहे. पाणी बोअरचं. वर्षभरात दोनदा थर्मोस्टॅट बदलला. आता पुन्हा तेच! पाणी उकळून वाफ येते आणि मग गिझर ठप्प होतो. थर्मोस्टॅट घरी बदलता येईल का, की गिझरच नवा घ्यावा?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : गिझर लगेच भंगारात घालू नका. पाणी उकळल्यावर तो बंद पडतोय, म्हणजे थर्मोस्टॅटचे (ठरल्या तापमानाला सप्लाय तोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट चिकटलेत आणि शेवटी कटआउटनं, म्हणजे पाणी फार तापल्यावर पडणाऱ्या सुरक्षा-स्विचनं, सप्लाय तोडलाय. कटआउटचं बारीक बटण दाबून रोज काम भागवू नका आणि कुणी कटआउट वगळून वायर ‘डायरेक्ट’ करून देतो म्हणाला, तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

दांडीच्या थर्मोस्टॅटमध्ये पितळी नळी आणि तिच्या आत इन्व्हार धातूची काडी असते. तापल्यावर पितळ वाढतं, इन्व्हार जवळजवळ वाढत नाही. या फरकानं काडी ओढली जाते आणि स्विच ‘टक’ करून उघडतो. ही दांडी पाण्यात नसते, टाकीत शिरलेल्या बंद नळीत, म्हणजे पॉकेटमध्ये असते. तुमचा घोळ बहुधा इथंच आहे. बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार पॉकेटवर बसला, की पाण्याची गरमी दांडीपर्यंत उशिरा पोचते, पाणी हवं त्याच्या पुढं तापतं. थर्मोस्टॅट नवा घातला तरी पॉकेट जुनंच, म्हणून आजार परत येतो.

दुसरं कारण सैल लग, म्हणजे वायरच्या टोकाची टर्मिनलवर बसणारी धातूची पट्टी. २ किलोवॅटला सुमारे ८.७ अँपिअर करंट लागतो. लग ढिली असली तर तिथंच गरमी होते, प्लॅस्टिक तपकिरी पडतं, पॉइंट जळतात. जुना थर्मोस्टॅट काढल्यावर त्याचं टर्मिनल बघा. एकाच टर्मिनलभोवती काळपट डाग असेल, तर ती लग कापून नवी लावा. जुनीच पकडीनं आवळून भागत नाही.

वायरिंगच्या कामाची सवय असेल तरच हात घाला, नाहीतर इलेक्ट्रिशियनला पुढच्या गोष्टी सांगून करून घ्या. नुसता स्विच नको, एमसीबी (बोर्डातला आपोआप पडणारा खटका) पाडा आणि गिझरच्या टर्मिनलवर टेस्टर लावून खात्री करा. खालचं झाकण काढून वायरिंगचा फोटो घ्या. वायर ओढू नका, लग धरून काढा. पॉकेटवाल्या गिझरमध्ये दांडी सरळ बाहेर येते, टाकी रिकामी करावी लागत नाही. दांडी ओली निघाली, तर मात्र पॉकेट गळतंय. मग थर्मोस्टॅट घालून उपयोग नाही, पॉकेट ज्या प्लेटला आहे ती प्लेटच बदलायची.

दुकानात जुनी दांडी घेऊन जा. बाजारात ७ इंची आणि ११ इंची जास्त चालतात. आखूड घातली तर ती तळाचंच पाणी जोखते, लांब घातली तर डोकं बाहेर राहतं आणि झाकण बसत नाही. अंगावर १६ अँपिअर, २५० व्होल्ट छापलेलं बघून घ्या.

झाकण उघडलंच आहे तर मल्टिमीटरनं एलिमेंटही (पाणी तापवणारी कॉइल) तपासा. वायरी सुटलेल्या असताना २ किलोवॅटला साधारण २६ ओहम यायला हवेत. एलिमेंट आणि बॉडी यांच्यामध्ये काहीही रीडिंग आलं, तर एलिमेंट बाद. तुमचं पाणी क्षाराचं, म्हणून टाकी रिकामी करून प्लेट उघडा, गॅस्केट नवं घाला, एलिमेंट आणि पॉकेटवरचा क्षार काढा आणि टाकीला गंजापासून वाचवणारा मॅग्नेशियमचा रॉड झिजला असेल तर तोही बदला. हे काम दर दोन वर्षांनी करायचं. गरम नळातून सलग धार येईपर्यंत टाकी भरल्याशिवाय एमसीबी चढवू नका, कोरडं एलिमेंट बघता बघता जळतं. डायल ६० अंशांवर ठेवा. २५ अंशांचं पाणी ६० पर्यंत जायला १८–२० मिनिटं पुरतात. तेवढ्यात थर्मोस्टॅटनं सप्लाय तोडला नाही, तर काहीतरी राहिलंय.

प्रश्न : गच्चीवर २०० लिटरचा सोलर आहे, त्यात इलेक्ट्रिक बॅकअप. पावसाळ्यात बिल फार येतं. थर्मोस्टॅट बिघडला असेल का?
— एक वाचक, नागाळा पार्क

उत्तर : बहुधा तो चांगलाच आहे, त्याला रात्रभर जागं ठेवलंय एवढंच. टाकी थंड होत जाते तसा तो पुन्हा पुन्हा सुरू होतो आणि सकाळी ऊन पडलं तरी सोलरला काम उरत नाही. २०० लिटर पाणी २५ वरून ५० अंशांवर न्यायला २ किलोवॅटच्या एलिमेंटला जवळपास तीन तास आणि सहा युनिट लागतात. डायल ५० वर आणा आणि बॅकअप टायमरवर टाकून पहाटेच चालवा. आठवड्यातून एकदा मात्र पाणी ६० अंशांपर्यंत जाऊ द्या, कोमट टाकीत जंतू वाढतात. जुना तांब्याचा बंब बरा होता, लाकूड संपलं की आपोआप बंद!

प्रश्न : गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून तापताना थेंब थेंब पाणी गळतं. बूच मारू का?
— एक वाचक, कळंबा

उत्तर : अजिबात नको. १५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापलं, की सुमारे २०० मिलीनं फुगतं. उलटं पाइपात जायला नॉन-रिटर्न (पाणी एकाच दिशेनं सोडणारा व्हॉल्व्ह) अडवतो, म्हणून ते सेफ्टी व्हॉल्व्हमधून निघतं. तिथं नळी जोडून मोरीत सोडा. गिझर बंद असतानाही गळत असेल, तर सेफ्टी व्हॉल्व्ह बदला.